शेजारच्या खोलीतलं मयत

साउथ बफेलो,
राखेच्या बुधवारनंतरचा रविवार

ती. डेलियाताईस,

तुझा मामेभाऊ कोलमन याचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्याची वाटी गेल्यापासून आठांपैकी सहाच अंगं जमिनीला टेकतात, उरलेली दोन टेकली असं समजून घे.) तुझ्या आईचा, बबीनआत्याचा, दमा कसा आहे? तुझ्या यजमानांची कंबर? मेंढ्या व्याल्या का? तुमचा कुत्रा अजून पोस्टमनला चावतो का? चावत असेल तर हे पत्र तुझ्या हाती पडायचं नाही, तेव्हा विचारून तरी काय उपयोग म्हणा. इकडे सगळं क्षेम आहे. तळं गोठलंय, नदी गोठलीय, माझ्या गाडीचं कुलूप गोठलंय. घरात वाहती अशी एकच गोष्ट उरली आहे, ती म्हणजे तुझ्या मावशीची, माझ्या सबीनाआत्याची, जीभ.

नाताळच्या पत्रात तू मला जो टोमणा मारलास तो मी विसरलेलो नाही बरं का. तुझं म्हणणं असं की अमेरिकेतले आयरिश म्हणजे नुसता देखावा. हिरव्या टोप्या, हिरवी बिअर, सोडा ब्रेडमध्ये मनुका (मनुकांवरून तू केवढी चिडलीस! तिकडे आयर्लंडात तुमच्या कनेमाऱ्यात मनुका महाग आहेत म्हणून तत्त्व झालं, बाकी काही नाही), आणि वर्षातून एकदा रस्त्यावर धिंगाणा, की झाला आमचा वारसा. मी गेली कित्येक वर्षं इथल्या मिरवणूक समितीचा उपाध्यक्ष आहे. मला हे लागलं. मी तुला चार पानी उत्तर लिहायला घेतलं होतं. त्यात मिरवणुकीतल्या गाड्या, बॅगपाइपवाले, नाचाच्या शाळेतल्या मुलींचे कुरळे टोप, सगळं होतं. ते उत्तर मी मंगळवारी शेगडीत घातलं. का, ते ऐक. आणि आधी हातातलं काम बाजूला ठेव, कारण मला हे सांगायला वेळ लागणार आहे, आणि सांगताना अजून माझ्या अंगावर काटा येतो.

तुला माहीत आहे, आत्याचा दिवस कसा सुरू होतो. पेपर आला की ती भिंग काढते आणि थेट मयतांचं पान उघडते. युद्ध पेटलं काय, अध्यक्ष बदलला काय, तिला सोयरसुतक नाही. कोण गेलं, कुठल्या गावचा, कुणाचा जावई, आणि क्विलनच्या मयतघरात कधी भेटायचं (तुम्ही तिकडे पेटी घरात मांडून खाता-पिता, आम्ही क्विलनकडे), एवढंच तिला हवं असतं. मयताला जायचा तिचा नियम साधा आहे. ओळखीचा असेल तर जायचं. ओळखीच्याच्या ओळखीचा असेल तर जायचं. आणि अजिबात ओळखीचा नसेल तर लवकर जायचं, म्हणजे ओळख करून घ्यायला वेळ मिळतो. अठ्ठ्याऐंशीची बाई, पण काळी टोपी खुंटीला कायम तयार. आणि गाडीवान कोण? हा तुझा अविवाहित, पेन्शनीत निघालेला, गाढव भाऊ. माझी सगळी हयात धान्याच्या बोटी उपसण्यात गेली आणि आता उरलेली मयतांना आत्याची ने-आण करण्यात चालली आहे.

तर सोमवारी पानावर मिक हॅनरहन निघाला. अग, आमचा मिक! आगीच्या बंबावरचा कप्तान. नाक असं की धूर त्याला आधी कळायचा आणि भोंगा मागून वाजायचा. त्याच्या मयताला अख्खा फर्स्ट वॉर्ड, म्हणजे आमची सगळी आयरिश वस्ती, लोटणार हे ठरलेलं. आत्या म्हणाली, "लवकर चल. खुर्ची मिळायला हवी. मागच्या वेळी तू इतका रेंगाळलास की मला उभ्यानं सँडविच खावं लागलं." म्हणून आम्ही दोनच्या ठोक्याला क्विलनच्या दारात.

आता माझी चूक सांगतो, पण ती माझी नाही, चष्म्याची आहे. बाहेर हाडं गोठवणारी थंडी आणि आत क्विलननं वाफेच्या नळ्या अशा तापवलेल्या की पाव भाजून निघावा. आत पाऊल टाकताच माझ्या चष्म्यावर धुकं. समोर दोन दारं. मिक मोठा माणूस, तेव्हा मोठं दार त्याचं, असा मी विचार केला आणि आत्याला कोपराला धरून आत शिरलो. (नंतर कळलं की मोठं दार लहान खोलीचं होतं. क्विलनच्या आजोबांनी कुठून तरी स्वस्तात आणलेलं.) आत शवपेटी, फुलांचा एकच गुच्छ, आणि एक बाई खुर्चीत एकटी. मला वाटलं, वा, पहिला नंबर लागला! मी गुडघ्यावर टेकलो (म्हणजे एकावर), मान खाली घालून प्रार्थना म्हटली. मेलेल्याच्या तोंडाकडे टक लावून बघायची आपल्यात रीत नाही, आणि बघितलं असतं तरी काय? क्विलन प्रत्येकाला पावडर लावून, भांग पाडून असा निजवतो की कुणीही बँकेचा जातिवंत मॅनेजर वाटावा.

मिकची धाकटी मुलगी लग्न करून पश्चिमेला गेलेली, मी तिला लहानपणी पाहिलेली. मी धरून चाललो की हीच ती. दोन्ही हात हातात घेतले आणि म्हटलं, "पोरी, मोठा घाला पडला ग. पण तुझ्या बापासारखा माणूस या वॉर्डात पुन्हा व्हायचा नाही." ती म्हणाली, "तुम्ही ओळखत होता त्यांना?" झालं. मला असं विचारायचं म्हणजे बांध फोडायचा. मी खुर्ची ओढली. बंबवाल्यांच्या सहलीत तो टेबलावर चढून कसा नाचला आणि नाचता नाचता बटाट्याच्या सॅलडमध्ये कसा बसला ते सांगितलं. बिशपसाहेबांची टोपी वाऱ्यानं झाडात अडकली तेव्हा मिक शिडी लावून वर गेला आणि ती स्वतःच्या डोक्यावर घालून वरूनच सगळ्यांना आशीर्वाद देऊ लागला, ते सांगितलं. जळत्या घरातून म्हातारीला खांद्यावर घेऊन उतरताना तो तिला गाणं म्हणून दाखवत होता आणि ती पाठीत बुक्क्या मारून म्हणत होती, मला परत ठेव पण गाणं थांबव, तेही सांगितलं. पोरगी ऐकत होती. कशी ऐकत होती म्हणून सांगू! उपाशी माणूस जेवतो तशी. "नाचायचे?" म्हणाली. "गाणंसुद्धा म्हणायचे? अजून सांगा ना." मला आजवर असा श्रोता मिळाला नाही, ताई. घरी आत्या मला वाक्य पुरं करू देत नाही.

माझं चालू असताना भिंतीपलीकडून हसण्याचा मोठा गलका आला. मग पेल्यांचा आवाज, पुन्हा गलका. आमच्या खोलीत मात्र अजून आम्ही तिघंच. मी जरा चिडूनच विचारलं, "शेजारी कुणाचं मयत आहे एवढं गर्दीचं?"

ती म्हणाली, "कुणीतरी मिक हॅनरहन म्हणून होते."

डेलियाताई, त्या क्षणी पेटी रिकामी असती तर मी त्यात निजून झाकण ओढून घेतलं असतं. मी चष्मा काढला, पुसला, घातला, आणि पहिल्यांदा पेटीतल्या गृहस्थाकडे नीट पाहिलं. बारीक चणीचा, पातळ ओठांचा, आयुष्यात कधी टेबलावर चढला नसेल असा माणूस. मी काहीतरी चाचरलो. ती पोरगी (पोरगी कसली, पन्नाशीची असेल) शांतपणे म्हणाली, "मला तुम्ही मिक म्हणालात तेव्हाच कळलं. माझ्या वडिलांचं नाव वॉल्टर क्रेब्स. पण सकाळपासून इथे कुणी आलं नव्हतं हो. तुम्ही इतक्या मायेनं बोलत होता... म्हटलं, दहा मिनिटं हे माझ्याच बाबांबद्दल आहे असं धरू."

मी वळून आत्याकडे पाहिलं. ती कोपऱ्यातल्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसलेली. म्हणाली, "मला दारातच कळलं. मिकच्या नाकाला ही पेटी पुरली नसती."

"मग बोलली का नाहीस?"

"तू कुणाला बोलू देतोस का, गाढवा?"

म्हणजे त्या खोलीत चौघं होतो, आणि ज्याला काही ठाऊक नव्हतं असा मी एकटाच. (वॉल्टरलाही माहीत असणार.) मी आत्याला हळूच म्हटलं, चल आता, माफी मागू आणि शेजारी जाऊ, तिकडे मिकची बायको, फिलोमिनावहिनी, वाट बघत असेल. आत्या जागची हलली नाही. म्हणाली, "फिलोमिनाकडे रडायला दोनशे माणसं आहेत. इथे कोण आहे? बस खाली." मग तिनं त्या बाईला जवळ बोलावलं, नाव विचारलं. इर्मा. पार पलीकडच्या समुद्रकाठाहून आलेली. ती सहा वर्षांची असताना आई तिला घेऊन निघून गेली. बाप वाढदिवसाला बोटीचं चित्र असलेलं कार्ड पाठवायचा, आत फक्त सही. आणि आता पेटी उचलायलाही माणसं नव्हती. क्विलननं सांगितलं होतं की उद्या सकाळी चाकांच्या गाड्यावरून नेऊ, काही काळजी करू नका. इर्मा म्हणाली, "मला एवढंच वाटतं, की माणूस गेला आणि कुणाला पत्ताच लागला नाही, असं होऊ नये. मी तर त्यांना ओळखत नव्हते. मी रडू तरी कशासाठी?" आणि हे बोलताना तिचे डोळे कोरडे ठक्क. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

आत्या म्हणाली, "काम काय करायचा तो?"

"पूल उचलायचे. नदीवरचा, बोट आली की वर जाणारा. एकदा सुट्टीत त्यांनी मला वरच्या खोलीत नेलं होतं, दांडा ओढू दिला होता."

अग, मी खुर्चीतून उठलोच! पुलावरचा माणूस! ताई, तुला कसं समजावू? आमच्या वॉर्डातून बाहेर पडायचं तर तो पूल ओलांडावा लागतो, आणि तुम्ही घाईत आहात हे कळल्यासारखा तो नेमका तेव्हाच वर जातो. जन्मल्यापासून आम्ही त्या पुलाच्या नावानं बोटं मोडतोय. मी इर्माला म्हटलं, "पोरी, खरं सांगू? आयुष्यात मी सर्वांत जास्त शिव्या कुणाला घातल्या असतील तर तुझ्या बापाला." आणि ती हसली. पहिल्यांदा हसली. मग मला आठवलं आणि मी सांगितलं, हे मात्र खरं, चष्म्यावर धुकं नसतानाचं. जोराचं हिमवादळ असलं की आम्ही बोटी उपसणारे घरी निघायचो तेव्हा रस्ता कुठे संपतो आणि नदी कुठे सुरू होते हे दिसायचं नाही. तर पुलाच्या तोंडाशी हा माणूस कंदील घेऊन उभा असायचा. कुणी त्याला उभं राहायला सांगितलं नव्हतं. आमचा शेवटचा माणूस पलीकडे गेला की जिना चढून वर जायचा. आम्ही मान खाली घालून पळायचो, घर गाठायची घाई. त्याचं तोंड मी कधी पाहिलं नाही. हात पाहिलाय. तोच हात पेटीत छातीवर ठेवला होता.

आत्यानं टोपी काढली. मग केसांतल्या पिना एकेक काढून माझ्या तळहातावर ठेवायला लागली. मला वाटलं, उकडतंय तिला. पांढरे केस खांद्यावर उतरले आणि ती उठून पेटीपाशी गेली. इर्माला म्हणाली, "घरी त्याला काय म्हणायचे? बाहेरचं नाव नको. त्या नावानं मेलेला वळून बघत नाही." इर्मानं आठवून आठवून सांगितलं, आजी त्यांना वॉली म्हणायची.

आणि मग आत्या रडली. नाही, रडली म्हणता येत नाही. तुम्ही तिकडे या गोष्टीला काय म्हणता ते तुला ठाऊक आहे, आणि ते आता तिकडेही उरलेलं नाही हेही ठाऊक आहे. हेल काढून, मेलेल्याचे गुण गात, त्याला हाका मारत केलेला तो जुना विलाप. मी ऐकून होतो की आपल्या पणजीला तो येत होता. आत्याला येतो हे मला माहीत नव्हतं. एका घरात इतकी वर्षं राहतो, ताई, आणि मला माहीत नव्हतं! आधी आवाज इतका खाली, की मला वाटलं वाफेच्या नळीतून येतोय. ती पेटीच्या कडेवर हात टेकून डुलत होती. "वॉली, वॉली, माझ्या राजा," आपल्या जुन्या आयरिश भाषेत, "वर उचललंस ते लोखंडाचं दार, बोटी गेल्या, माणसं गेली, तुला कुणी हाक दिली नाही. बर्फात उभा राहिलास कंदील घेऊन, लेकरं आमची घरी आली, तुझ्या घरी दिवा कुणी लावला रे?" मग एकदम रागावली त्याच्यावर. "ऊठ की आता, आळशा! लेक आली आहे डोंगर ओलांडून. दोन शब्द लिहिता आले नाहीत तुला कार्डावर? चित्र काढलेली बोट पाठवलीस, तिच्यात बसून ती कशी येणार होती?" आणि मग शब्द संपून नुसता आवाज राहिला. तो आवाज मला लिहिता येत नाही. मी खरं सांगतो, मला भीती वाटली. टोस्ट करपला म्हणून रोज सकाळी माझा उद्धार करणारी ही माझी आत्या नव्हतीच. तिच्या मागे कितीतरी बायका उभ्या आहेत आणि तिचं तोंड फक्त उसनं घेतलंय असं वाटत होतं. मी तिच्या पिना मुठीत इतक्या घट्ट धरल्या होत्या की घरी येऊन पाहतो तर हाताला वण.

इर्माला एक अक्षर कळत नव्हतं. पण तिचा बांध फुटला. लहान पोरासारखी हमसून हमसून रडली, आणि आत्यानं न थांबता एका हातानं तिला कुशीत ओढलं.

शेजारचा गलका कधी थांबला ते कळलं नाही. दारात माणसं दिसायला लागली. बंबवाले, हातात पेले तसेच, एकही घोट न घेता. (आयरिश माणूस भरला पेला हातात धरून एवढा वेळ उभा राहिला याला मी चमत्कार म्हणतो, फादरांनी काहीही म्हणावं.) फादर लॉफ्टस धावत आले. त्यांना असलं काही चालत नाही, जुन्या काळी तर यावर बंदीच होती. त्यांनी थांबवायला हात वर केला, आणि तो हात तसाच वर राहिला. खाली घ्यायचं त्यांना सुचलंच नाही. आणि मग गर्दीतून फिलोमिना हॅनरहन पुढे आली. नवरा शेजारच्या खोलीत पेटीत, आणि ही बाई येऊन आत्याच्या पायाशी बसली. शब्द तिला येत नव्हते. पण जिथे आवाज वर चढून मोडतो तिथे तिनं आपला आवाज मिळवला. मग तिच्या जावा, नणंदा, सगळ्या. कुणी शिकवलं होतं त्यांना? इथेच जन्मल्या, इथेच वाढल्या. मनुका घातलेला ब्रेड खाऊन वाढल्या. पण कुठे श्वास घ्यायचा ते एकीचंही चुकलं नाही.

आत्या थांबली. तिनं माझ्यापुढे तळहात केला, पिना घेतल्या, केस बांधले, आणि म्हणाली, "चहा कुठाय? घसा कोरडा पडला माझा."

मग काय! "कोण होता हा?" "पुलावरचा माणूस!" "काय सांगतोस? तो?" मिकचा भाऊ डिनी कपाळाला हात लावून म्हणाला, "अरे, याच्यामुळे मी माझ्या लग्नाला उशिरा पोचलो! बायकोनं तेवढ्यात विचार बदलला असता तर माझं कल्याण झालं असतं!" त्याची बायको म्हणाली, "आणि आमचा टिमी गाडीतच झाला तो याच्याच कृपेनं. पूल वर, मी मागच्या सीटवर, आणि हा गृहस्थ जिन्यावरून आपला कोट घेऊन खाली धावत आला. त्या कोटात गुंडाळलं टिमीला." एकेक जण खुर्ची ओढून इर्मापाशी बसायला लागला. प्रत्येकानं तिच्या बापाला शिव्या घातलेल्या, आणि प्रत्येकाकडे त्याची एक आठवण. खोली भरली, सँडविचची ताटं इकडे आली, मिकचं मयत आणि वॉलीचं मयत एकच होऊन गेलं. इर्मा मध्ये बसून नुसती या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत होती. तो कोट बापानं परत मागितला नव्हता असं कळल्यावर पुन्हा रडली.

पेटी चाकांवरून जाणार हे फिलोमिनाच्या कानावर गेलं तेव्हा ती कडाडली. "चाकांवरून? वॉर्डातून? मिकसाठी सहा जण निवडलेत, ते उद्या सकाळी रिकामेच आहेत. उचलू देत की. परवासाठी सराव होईल मेल्यांना."

मंगळवारी सकाळी इर्माला वाटलं होतं एक गाडी असेल. मागे रांग बघून ती गांगरली. आपल्यात मयत नेताना त्याच्या दारावरून नेतात, घटकाभर थांबतात, हे तुला सांगायला नको. वॉलीचं दार म्हणजे पूल. आम्ही तिथे पोचलो. नदी दगडासारखी गोठलेली, ईस्टरपर्यंत एक होडी यायची नाही. आणि घंटा वाजली, फाटक खाली आलं, आणि तो एवढा लोखंडाचा पूल, अंगावरचा बर्फ सांडत, हळूहळू वर गेला. कुणासाठी नाही. त्याच्यासाठी. (परवानगी कुणी दिली विचारू नकोस. डिनीची बरीच माणसं बऱ्याच खुर्च्यांवर बसलेली आहेत, एवढंच.) आम्ही सगळे गाड्यांतून उतरून टोप्या काढून उभे. जन्मात पहिल्यांदा आम्ही वॉर्डातली माणसं त्या पुलापाशी शिव्या न देता थांबलो. डिनीच्या तोंडून एक निघाली, पण ती सवयीनं. पूल वर जाऊन थांबला, आणि कितीतरी वेळ तिथेच राहिला. कुणाला घाई नव्हती. मी एवढा बोलका माणूस, माझ्याकडे तेव्हा एक शब्द नव्हता, आणि आजही नाही, म्हणून तर इतकी पानं लागली.

तर ताई, हिरव्या टोप्यांबद्दल तू म्हणतेस ते मान्य. पण वारसा कुठे असतो हे मला या वयात कळलं. तो मिरवणुकीच्या गाडीवर नसतो. तो आपल्या घरात, समोरच्या खुर्चीत, टोस्टवरून भांडत बसलेला असतो. मी उपाध्यक्ष, आणि मलाच ओळखू आला नाही. समितीला मात्र बातमी लागलीच. गुरुवारी अध्यक्ष आणखी एकाला घेऊन घरी आले. म्हणाले, यंदाच्या मिरवणुकीत ट्रकवर एक खोटी पेटी ठेवू, सबीनाबाईंनी शेजारी बसून थोडंसं रडून दाखवावं, वर ध्वनिवर्धक लावू. आत्यानं पायातल्या सपाता काढल्या. एक अध्यक्षांना लागली, दुसरी मला, मी मधे नसतानाही.

घरच्या सगळ्यांना माझं विचारणं सांग. मोठ्यांच्या पाया पडतो, धाकट्यांच्या पाठीवर थाप, आणि कुत्र्यापासून लांब राहूनच त्यालाही आशीर्वाद.

तुझा भाऊ,
कोलमन फोलन

ता. क. तिकडच्या दोन लोकरी मोज्यांच्या जोड्या पाठव. इथली लोकर म्हणजे कागद आहे. खरं तर पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं होतं.

ता. क. २. मोज्यांसाठी नाही ग लिहिलं. क्विलनकडून परत येताना आत्यानं गाडीत टोपी काढून मांडीवर ठेवली. मग काचेतून बाहेर बघत म्हणाली, "हे आता मला येतं आणि बबीनला येतं. आजीनं आम्हा दोघींनाच शिकवलं, चुलीत जाळायच्या पीटच्या ढिगाआड, फादरांना दिसू नये म्हणून."  मग बुधवारी तिच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, ईस्टर बघेल, त्यापुढचं सांगता येत नाही. तिला यातलं काहीही सांगितलेलं नाही. बबीनआत्या विमानाला घाबरते हे मला ठाऊक आहे, तिचा दमाही ठाऊक आहे. पण तू तिला घेऊन ये, डेलियाताई. तो विलाप मी स्वतः करून पाहिला, तळघरात, दार लावून. शेजारची मांजर अजून परत आली नाही. वॉलीला आत्या मिळाली. आत्याला कोण आहे ग?

ता. क. ३. हे वरचं तिच्यापासून लपवलं आहे. तिला फक्त पहिली पानं वाचून दाखवली. ता. क. ची पानं दुमडून पाकिटात घातली आहेत आणि खाली दोन ओळी लिही म्हणून कागद तिच्यापुढे ठेवून मी चहा टाकायला जातो आहे. तिला काही कळायचं नाही.

बबीन, हा मुलगा समजतो की मला भिंगानं फक्त पेपरच वाचता येतो. डॉक्टरनं त्याला सांगायच्या आधीच मला कळलं होतं, आपलं अंग आपल्याला कळतं. त्याला सांगू नकोस, बिचाऱ्याला वाटू दे की त्यानं लपवलं. विमानात डोळे मिटून बस. मी बोटीतून आले तेव्हा मलाही भीती वाटली होती, आणि मला धरायला तर तूही नव्हतीस. वरच्या सुरात जाऊ नकोस, तू चिरकतेस, आजी नेहमी सांगायची. खालूनच लाव. आणि मला हाक मारशील तेव्हा सबीना म्हणू नकोस. ते इथल्या लोकांसाठी आहे. सायवीन म्हण. त्या नावानं हाक मारणारं इथे कुणी उरलं नाही. त्या नावाला मी वळून बघेन.